शाईतली ताई

चष्मेवाल्यांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं आता गावात कुणी उरलं नव्हतं, आणि त्यांना त्याचं काही वाटतही नसे. चाळीस वर्षं त्यांनी सगळ्या गावाच्या नाकावर चष्मे बसवले होते. कुणाचं नाक बसकं, कुणाचा डावा कान उजव्यापेक्षा वर, हे त्यांना त्या माणसाच्या बायकोपेक्षा जास्त ठाऊक. दोन भुवयांमधलं अंतर बघून ते माणसाचं घराणं सांगत आणि बहुतेक वेळा बरोबर सांगत. एखाद्या वेळी चुकलेच, तर त्यांचं चुकलं असं न म्हणता लोक त्या घराण्याबद्दलच हळूच काहीबाही बोलत.

म्हणूनच दुकान बंद केल्यावर शाळेच्या बाईंनी त्यांना चार दिवससुद्धा घरी बसू दिलं नाही. बाई स्वतः निवृत्त झालेल्या, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा. गावाच्या जुन्या गोष्टी जपायच्या आणि येईल त्याला दाखवायच्या, हे त्यांनी मनावर घेतलं होतं. पाणीपुरवठा कचेरीच्या वरची खोली त्यांनी भांडून मिळवली. खाली पंप घरघरत असत आणि वर टेबलांवरच्या काचा सतत बारीक थरथरत. दर शनिवारी दुपारी तीन ते सहा हा संग्रह उघडा असे. पोस्टकार्डं, दुकानांच्या पाट्या, बंद पडलेल्या गिरणीचा भोंगा, आणि फोटो. फोटो मात्र चिकार.

फोटोंचं काम बाईंच्या पद्धतीनं चाले. प्रत्येक सामूहिक फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवायचा, प्रत्येक डोक्याची बाह्यरेषा काढायची आणि आत आकडा लिहायचा. मग म्हातारी माणसं आली की त्यांना विचारायचं. एकानं नाव सांगितलं की वहीत पेन्सिलीनं लिहायचं. तिघांनी वेगवेगळं येऊन तेच नाव सांगितलं की मगच शाई. आणि विचारायचं ते फक्त "ही कोण?" एवढंच. "ही अमकी ना?" असं विचारायला सक्त मनाई होती. बाई म्हणत, माणूस भिडेपोटी हो म्हणतो, आणि एकदा हो म्हटलं की त्याला खरोखरच आठवायला लागतं. शाईतली नोंद खोडायची वेळ आलीच, तर ज्यानं ती केली त्यानंच खोडायची आणि शेजारी कारण लिहून सही करायची. असं खोडायची वेळ अजून कुणावर आली नव्हती.

सेहेचाळीस नंबरचा फोटो मुलींच्या शाळेचा होता. तीन ओळी, चौतीस मुली, कडेला एक त्रासलेल्या शिक्षिका. चौतीसपैकी तेहेतीस मुलींची नावं शाईत आली होती. अकराव्या नंबरची मुलगी तेवढी फोटो काढताना हलली होती. मान डावीकडे वळवताना तिचा चेहरा पुसट झाला होता. ओल्या अक्षरावरून बोट फिरावं तसा. तिच्यापुढे वहीत दोन वर्षं "अनोळखी" असं लिहिलेलं होतं.

त्या मुलीसमोर चष्मेवाले फार वेळ उभे राहत. कारण त्यांच्या ताईचा एकही फोटो नव्हता.

ताई नऊ वर्षांची असताना गिरणीमागच्या कालव्यात बुडाली. तेव्हा ते सहा वर्षांचे होते. आईनं तिचे कपडे वाटून टाकले आणि पुन्हा तिचं नाव काढलं नाही. वडलांनीही नाही. आता ते दोघंही गेले होते, गावाच्या आठवणीतूनही ती केव्हाच पुसली गेली होती, आणि ताई म्हणून कुणी होती हे पक्कं ठाऊक असणारा जगात एकच माणूस उरला होता. त्याला आणखीही एक गोष्ट ठाऊक होती. त्या दुपारी कालव्याच्या काठावर बहीणभावाचं कडाक्याचं भांडण झालं, ताईनं त्यांच्या हाताला कडकडून चावा घेतला, आणि त्यांनी रागाच्या भरात तिचं दप्तर पाण्यात फेकलं. ती ते काढायला उतरली. ते पळत घरी आले आणि आईनं विचारल्यावर, ताई मैत्रिणीकडे गेली आहे असं म्हणाले. संध्याकाळपर्यंत तेच म्हणत राहिले. पासष्ट वर्षांत हे ते बायकोजवळसुद्धा बोलले नव्हते.

आता बाईंनी गावाच्या फोटोंचं पुस्तक छापायला घेतलं. नावं नक्की करायला महिना उरला. त्या पुस्तकात ताई कुठेच नसणार, म्हणजे आपण मेल्यावर ती नव्हतीच असं होणार, हे चष्मेवाल्यांच्या घशाखाली उतरेना. आणि माणूस जन्मभर सरळ वागला की एकदा वाकडं वागायचा हक्क आपल्याला मिळाला आहे असं त्याला वाटू लागतं. त्यांनाही तसंच वाटलं.

पाववाल्या आजी ऐंशीच्या पुढच्या, कानानं मंद आणि स्वभावानं गोड. चष्मेवाले फोटो घेऊन त्यांच्या दुकानात गेले आणि जे विचारायचं नाही नेमकं तेच विचारलं. "आजी, ही आमची ताई ना?" आजींनी भिंगातून पाहिलं, चष्मेवाल्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "हो रे बाबा, तीच." तेवढ्यावर थांबायचं, तर नाही. चष्मेवाल्यांनी वर पदरचं घातलं. किती शांत होती, नाही? सारखी गुणगुणत असायची, कधी कुणाला दुखावलं नाही. खरी ताई म्हणजे निव्वळ आग होती. चावायची, थुंकायची, गिरणीकामगारांकडून उचललेल्या शिव्या द्यायची. पण पुस्तकात जाणारी बहीण जरा बरी दिसावी, असं त्यांना वाटलं. आजी मान डोलवत गेल्या. दुसऱ्या दिवशी बँडमास्तरांकडे हाच प्रकार झाला. बँडमास्तर वयानं ताईच्या बरोबरीचे; त्यांना कुणालाच नाही म्हणता येत नसे. तिसरे साक्षीदार चष्मेवाले स्वतः. शनिवारी त्यांनी अकरा नंबरपुढचं "अनोळखी" रबरानं खोडलं आणि शाईनं ताईचं नाव लिहिलं. बाईंनी अक्षराचं कौतुक केलं.

पुढच्या शनिवारी बँडमास्तर एक फोटो काखोटीला मारून वर आले. बँडच्या पंचविसाव्या वर्षाच्या कार्यक्रमाचा होता तो. समोर खुर्च्यांवर बसलेल्या लोकांत तिसऱ्या रांगेत एक तरुण बाई होती. तिची मान डावीकडे वळत होती आणि चेहरा पुसट होता. बँडमास्तरांनी तिच्यावर बोट ठेवलं. ही बघा तुमची ताई, म्हणाले, मागच्या खेपेला बोलणं निघालं आणि सगळं आठवत गेलं.

चष्मेवाल्यांना वाटलं, म्हातारा चळला. त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं की ताई नऊ वर्षांची असतानाच गेली. बँडमास्तर आधी हसले, मग त्यांचा चेहरा उतरला. असं अभद्र बोलू नये, म्हणाले. त्यांच्या लग्नात तिनं गाणं म्हटलं होतं. हातात काचेचा पेला घेऊन, कोपऱ्यात उभं राहून, अगदी हलक्या आवाजात. ते सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खोटं पाणी नव्हतं.

चष्मेवाल्यांनी त्या फोटोला नंबर दिला. खोटं त्यांचंच होतं, तोंड उघडणार कुठल्या तोंडानं?

त्यानंतर दर शनिवारी कुणी ना कुणी फोटो आणू लागलं. टेलिफोन एक्सचेंजमधल्या मुली, नव्या पुलाचं उद्घाटन, इस्पितळाच्या पायऱ्यांवरच्या परिचारिका, कुणाच्या तरी घरातलं बारसं. प्रत्येकात ती होती. वीस वर्षांची, तीस वर्षांची, पन्नाशीची, कडेला उभी आणि मान डावीकडे वळवताना टिपलेली. लोकांना चेहरा लागतच नव्हता. ते लांबूनच म्हणत, ही काय, तुमची ताई. विशेष म्हणजे यातले काही फोटो संग्रहात आधीपासून होते. त्यांचे ट्रेसिंग पेपर चष्मेवाल्यांनी स्वतःच्या हातानं काढले होते, आणि त्या जागी तेव्हा कुणी नव्हतं. आता पेपर फोटोवर ठेवला की एक डोकं आकड्याशिवाय उरत होतं.

बाई कशालाही हो ला हो करणाऱ्या नव्हेत. चष्मेवाल्यांनी मोठ्या आशेनं त्यांना विचारलं, आणि या वेळी अगदी नियमानं विचारलं: ही कोण? बाईंनी चष्मा पुसला, जो चष्मेवाल्यांनीच त्यांना करून दिला होता, आणि फोटो पाहिला. ही तुमची ताई, त्या म्हणाल्या. मी या गावात नवी आले तेव्हा आईला फोन लावायचा तर एक्सचेंजमध्ये याच असायच्या. नंबर जोडेपर्यंत गुणगुणत राहायच्या, मला फार धीर यायचा.

घरीही काही वेगळं नव्हतं. एका सकाळी बायकोनं चहाचे तीन कप मांडले. कुणासाठी म्हणून विचारलं तर ती म्हणाली, वन्सं येतील म्हणत होतात ना तुम्ही. मग तीच कपाकडे बघत गोंधळली आणि कप विसळून ठेवला. पण दोन दिवसांनी तिनं पुन्हा विषय काढला. वन्संनी पहिल्या बाळंतपणात तिची किती सेवा केली, आणि तुम्ही सख्खे भाऊ असून त्यांची विचारपूससुद्धा करत नाही, याला काय म्हणावं. एवढी वर्षं संसार केला, बायकोच्या तोंडून असा ठपका त्यांनी कधी ऐकला नव्हता.

खरी गोष्ट सांगायची तर भीतीपेक्षा वाईट असं दुसरंच काहीतरी त्यांना होत होतं. त्यांना बरं वाटत होतं. एके दिवशी अंघोळ करताना त्यांच्या लक्षात आलं की सकाळपासून कालव्याची आठवणच झालेली नाही. पासष्ट वर्षांत असा एक दिवस गेला नव्हता. ताई टेलिफोनवर बसत होती, लग्नात गात होती, म्हणजे ती बुडालीच नव्हती. म्हणजे दप्तर कुणी फेकलंच नव्हतं. सगळं गाव शपथेवर सांगत होतं, आणि गावापुढे एकट्या चष्मेवाल्यांचं काय चालणार? त्यांनी हाताला साबण लावला आणि चाव्याची खूण पाहिली. मनगटाच्या वर चार दातांची अर्धी गोलाई जन्मभर होती. आता तिथे चोळून चोळून पाहावं लागत होतं.

मग त्यांनी डोळे मिटून ताईचा आवाज आठवायचा प्रयत्न केला. शिव्या देणारा, घोगरा, कान किटवणारा आवाज. आला तो गुणगुणण्याचा. एकदा तिला पाण्यात धाडलं ते लहानपणी, राग आला म्हणून. ही दुसरी खेप, आणि या खेपेला ते म्हातारे होते आणि समजून उमजून करत होते.

पुस्तक छापायला जाण्याआधीचा शनिवार होता. बाई शाईची बाटली आणायला खाली गेल्या होत्या. जिन्यावर पावलं वाजली आणि एक म्हातारी बाई आत आली. अंगावर साधे धुतलेले कपडे, हातात काही नाही. ती समोरच्या खुर्चीत बसली, जिथे आठवणी सांगायला येणाऱ्यांना बसवत असत. पंपाची घरघर होती तिच्याच सुरात ती काहीतरी गुणगुणत होती.

"कंटाळलास का रे?" ती म्हणाली. "किती वाट बघायची तुझी."

चष्मेवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. पाहण्यावर त्यांचं पोट चाललं होतं. पण तिची मान किंचित डावीकडे वळलेली राही, आणि चाळीस वर्षं नाकं मोजलेल्या माणसाला त्या नाकाचं माप सांगता येईना. चेहरा समोर होता, उजेड भरपूर होता, आणि नजर फिरवली की त्यातलं काही आठवत नव्हतं.

त्यांनी आठवणी टिपायला ठेवलेला टेपरेकॉर्डर सुरू केला, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. नेहमीचे प्रश्न विचारले. तिनं सगळ्यांची उत्तरं दिली. पाववाल्या आजींच्या दुकानात त्यांनी जे जे रचून सांगितलं होतं ते तिला ठाऊक होतं. बँडमास्तरांच्या लग्नातला पेला ठाऊक होता, बायकोचं बाळंतपण ठाऊक होतं. लोकांनी सांगितलं त्यापलीकडचं मात्र एक अक्षर नाही.

शेवटी त्यांनी बाईंच्या नियमानं विचारलं, काहीही न सुचवता. "मी सहा वर्षांचा होतो तेव्हाचं सांग."

ती हसली असावी. "गुणी होतास तू. एका शब्दानं कधी भांडलो नाही आपण."

खोली तशीच थरथरत राहिली. चष्मेवाल्यांना एकदम रडू फुटेल असं वाटलं. हे ऐकायला त्यांनी जन्मभर जीव टाकला असता. आणि ताईनं हे ऐकलं असतं तर ती हसून लोळली असती आणि वर एक शिवी हासडली असती.

"चल घरी," ती म्हणाली. "वहिनी वाट बघत असेल. झालं गेलं ते काही झालंच नाही."

उठायचं तेवढं होतं. उठले असते तर घरी तीन कप मांडले गेले असते, उरलेली वर्षं सुखाची गेली असती, आणि गावात कुणालाही काही कळलं नसतं. चष्मेवाल्यांनी वही पुढे ओढली आणि सेहेचाळीस नंबरचं पान उघडलं.

"लिहू नकोस रे," ती अगदी मायेनं म्हणाली. "कुणाचं काय बिघडतंय?"

त्यांनी पट्टी धरली आणि अकरा नंबरपुढच्या नावावर रेघ मारली. शेजारच्या रकान्यात कारण लिहायला घेतलं. पहिलं वाक्य सोपं गेलं: साक्षीदारांना नाव मी सुचवलं. दुसरं लिहायला पासष्ट वर्षं लागली होती, तर आणखी काही मिनिटं लागली त्यात नवल नाही. माझी बहीण नऊ वर्षांची असताना कालव्यात बुडाली. तिचं दप्तर मी पाण्यात फेकलं होतं. ते काढायला ती उतरली. मी घरी येऊन खोटं सांगितलं. खाली सही केली, जिच्यात त्यांचं पूर्ण नाव होतं.

समोरचं गुणगुणणं थांबलं होतं. तिला राग आलेला दिसत नव्हता. वाट चुकलेलं माणूस कुणाच्या तरी दारात उभं राहून विचारतं, तसं तिनं विचारलं, "मग मी कोण?"

चष्मेवाल्यांना तिच्यापुढे फार लाज वाटली. एका अनोळखी पोरीला त्यांनी आपल्या सोयीसाठी सगळं आयुष्य दिलं होतं आणि आता रेघ मारून काढून घेतलं होतं. "मला माहीत नाही," ते म्हणाले. "चूक माझी आहे. तुमचा काही दोष नाही."

त्यांनी तुम्ही म्हटल्यावर ती उठली. जाताना सेहेचाळीस नंबरच्या फोटोसमोर थोडी थांबली आणि मग जिना उतरू लागली. बाई बाटली घेऊन वर येत होत्या. त्या दोघी जिन्यात एकमेकींना ओलांडून गेल्या.

कोण हो त्या, बाईंनी आत येऊन विचारलं. अनोळखी, चष्मेवाले म्हणाले. बाईंना ते काही पटलं नसावं, पण तेवढ्यात त्यांची नजर उघड्या वहीवर गेली. त्यांनी पान वाचलं. पुन्हा वाचलं. मग खुर्ची ओढून त्या चष्मेवाल्यांच्या शेजारी बसल्या, समोर नाही. वर्गात कुणी खोटं बोललं तर सगळ्या शाळेला ऐकू जाईल असं बोलणाऱ्या बाईंनी शाईची बाटली हलक्या हातानं टेबलावर ठेवली.

"कशी होती?" मग त्यांनी विचारलं. त्यात काही सुचवलेलं नव्हतं.

आणि चष्मेवाले सांगू लागले. महाद्वाड होती. चावायची. नाकावर कायम शेंबूड आणि राग. त्यांना शीळ घालायला तिनंच शिकवलं, आणि नीट जमेना तेव्हा कानाखाली आवाज काढला. गल्लीतल्या मोठ्या पोरांनी त्यांना एकदा रडवलं तर ती एकटी चौघांवर धावून गेली आणि आपला दात पाडून घेऊन आली. सांगता सांगता ते हसत होते आणि रडत होते, आणि आवाज आता नीट ऐकू येत होता, घोगरा, तिचाच. ताई पुन्हा नऊ वर्षांची झाली होती. ती मेली होती, आणि ती त्यांची होती.

खाली दारात कुणीतरी संग्रह बघायला आलं होतं. पंपाच्या घरघरीतून एक मऊ आवाज वर आला. "मला ओळखलंत का?"

"हो तर," आलेला गृहस्थ अदबीनं म्हणाला. "ओळखलं की. बऱ्या आहात ना?"

बाईंनी चमकून जिन्याकडे पाहिलं. चष्मेवाले मात्र थांबले नाहीत. ताई चिडली की आधी कशी दात खायची, ते त्यांना अजून सांगायचं होतं.